बुरुलचा आपाचा अंगठा

बुरुलचा आपानं अकराच्या अकरा घोड्या विकल्या, लाल रंगाची चारचाकी क्वाड घेतली आणि आता ती डोक्याला हेल्मेट बांधून व्याह्याच्या तळावरच्या शहरी पाहुण्यांना डोंगर फिरवते, अशी बातमी जुलैच्या मध्यावर खिंडीपलीकडून आमच्या कुरणात आली. निघाली होती ती इथूनच. पण खिंड ओलांडून परत येईपर्यंत तिनं असं बाळसं धरलं होतं की आम्हालाही ती ओळखू येईना.

खरं काय ते सांगायला हवं. घोडी एकही विकलेली नाही. क्वाड व्याह्याचीच आहे. तिच्यावर आपा आयुष्यात एकदा बसली, एका दुपारी, आणि एखादं लंगडं मेंढरूही तिला मागं टाकून गेलं असतं अशा चालीनं गेली. हेल्मेटचं तेवढं खरं आहे. आणि रागाचं. पण राग त्या बातमीत कुणी घातलाच नव्हता, आणि ही सगळी गोष्ट तर रागाचीच आहे.

बुरुलचा हे तिचं नाव, आणि थोरल्या बाईला आम्ही आपा म्हणतो. आपा अठ्ठावन्न वर्षांची. चार वर्षांची असताना तिला घोड्यावर बसवलं, त्यावरून ती अजून नीट उतरलेली नाही. शेजारच्या युर्टमधून, लोकरीच्या गोल तंबूतून, चिमूटभर मीठ आणायचं झालं तरी खोगीर घालणारी बाई. पण मोटारीला ती भिते. त्याला कारण तिचा नवरा ओमुरझाक. लग्नाच्या दिवशी त्यानं हौसेनं मित्राची साइडकारवाली मोटारसायकल आणली, नवरीला साइडकारमध्ये बसवलं आणि ओढ्याच्या मधोमध मोटारसायकल एकीकडं गेली नि साइडकार दुसरीकडं. ओमुरझाक अजूनही सांगतो, पाणी गुडघाभरच होतं. आपा म्हणते, बसलेल्या बाईला गुडघाभर पाणी कुठंपर्यंत येतं ते एकदा बसून बघ. तेव्हापासून खालच्या बाजाराला ती बसनं जाते ती डोळे गच्च मिटून, आणि ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, म्हणजे त्याच्या पाठीला सूचना देता येतात.

तिचा राग ओळखायची आमची एक रीत आहे. युर्टच्या दारात किमिझचा बुधला लटकलेला असतो, त्यात घोडीचं दूध आंबत असतं आणि ते दिवसभर लांब दांड्यानं घुसळावं लागतं. आपा नुसती कामात असली तर धप, धप असा आवाज येतो. रागावली की तो आवाज ओढ्यापलीकडं आमच्या चुलीपाशी ऐकू येतो. या उन्हाळ्यात तो पहाटेपासून ऐकू येत होता. किमिझ जितकं घुसळावं तितकं चढतं, त्यामुळं यंदा आपाच्या बुधल्यासारखं किमिझ पंचक्रोशीत कुणाकडं नव्हतं. फक्त ते फार थोडं होतं. आणि थोडं होतं म्हणूनच तर ती रागावली होती.

आपाची दावण झऱ्याकाठी आहे. तिच्या सासूची तिथंच होती, सासूच्या सासूचीही. जमिनीलगत लांब दोर ताणायचा आणि त्याला दिवसा शिंगरं बांधायची. घोड्या मोकळ्या चरतात आणि आपल्या पोराच्या ओढीनं दर दोन तासांनी दावणीवर येतात. आधी शिंगरू आचळाला लावायचं, घोडीनं पान्हा सोडला की त्याला बाजूला ओढायचं आणि लगेच धार काढायची. घोडी गाईसारखी नसते. तिच्यात दूध ओंजळभर मावतं, आणि ती जरा बिचकली की तेवढंही चोरते. धार झाली की ती झऱ्यावर पाणी पिते. झरा नसेल तर दावण नाही, आणि दावण नसेल तर आपानं जायलूवर, या उन्हाळी कुरणात, यायचं तरी कशाला?

आणि त्या झऱ्याशेजारून शारशेनच्या क्वाड जायला लागल्या. दिवसातून दोनदा, सहाच्या सहा, एकापाठोपाठ एक.

शारशेन म्हणजे तिचा व्याही. तिची धाकटी जिपार त्याच्या घरात दिली आहे. आधी तो ट्रक चालवायचा, आता त्यानं सात युर्टचा तळ टाकलाय. हसतो मोठ्यानं आणि हसला की समोरचे दोन सोन्याचे दात दिसतात. मूळचे दात ट्रकवरून पडून गेले असं तो सांगतो. नऊ वर्षांचा असताना घोडीनं लाथ मारली आणि तेव्हापासून तो घोडीच्या मागून जाताना वीस पावलांचा वळसा घेतो, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यासमोर मात्र आम्ही ट्रकचंच ऐकून घेतो.

त्याच्याकडं शहरातली माणसं येतात ती घोडीचं धारोष्ण दूध प्यायला. सकाळी पाच वाटी दूध, छातीला चांगलं, पोटाला चांगलं. ते दूध आपाच्या घोड्यांचं. दूध पोटात गेलं की हीच माणसं क्वाडवर बसतात आणि धुरळा उडवत आपाच्याच दावणीवरून जातात, कारण जमीन तिथं सपाट आहे आणि मागं बर्फाचा डोंगर फोटोत छान येतो. महिन्याभरात घोड्यांचं दूध निम्म्यावर आलं. अबलख घोडी, दावणीतली सगळ्यांत जुनी, ती तर लांबून घरघर ऐकली की कान मागं पाडून कास आवळून उभी राहायची.

दुसरा कुणी असता तर आपानं त्याला त्याच्याच टायरमध्ये गुंडाळलं असतं. पण व्याही! व्याही दारात आला की मेंढी कापायची, मांडीचा सगळ्यांत चांगला तुकडा त्याच्यापुढं ठेवायचा, जाताना त्याच्या खांद्यावर नवा झगा घालायचा. त्याला वर तोंड करून बोलायचं नाही. आणि पोर त्याच्या घरात. जिपार तिथं डोक्याला रुमाल बांधून चहा ओतते, सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्यासमोर मान वर करत नाही. आईच्या तोंडून एक शब्द वाकडा गेला तर तो त्या पोरीच्या ताटात पडणार. म्हणून आपा हसून बोलायची आणि घरी येऊन बुधल्याला बडवायची.

त्या दिवशी सकाळी ती बादल्या घेऊन तळावर गेली. पाहुणे वाट्या हातात घेऊन रांगेत उभे. शारशेननं बादलीत डोकावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, विहीणबाई, आज दूध वाटेत प्यालात काय? पाहुणे हसले. आपाही हसली. मग तिनं शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं की क्वाडमुळं घोड्या बिचकतात, तेवढी वाट टेकडीपलीकडून नेली तर बरं होईल.

"सवय होते हो," शारशेन म्हणाला. "माझी बायको घोरते, मला झाली ना सवय. घोड्या नाही भीत, विहीणबाई, तुम्ही भिता. साइडकारची गोष्ट आम्हाला माहीत आहे."

पाहुण्यांना माहीत नव्हती, म्हणून त्यानं ती सांगितली. हातवारे करून, पाणी कुठंपर्यंत आलं ते स्वतःच्या छातीवर दाखवून. आपाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या जिपारनं मान आणखी खाली घातली. ते आपानं पाहिलं, आणि तिला जास्त झोंबलं ते तेच.

मग शारशेनला आणखी चेव आला. त्यानं पैज मांडली. आपानं स्वतः क्वाड चालवत तळापासून दावणीपर्यंत जायचं. एक जरी घोडी शिंगरू सोडून पळाली तर तो त्याच दिवशी वाट टेकडीपलीकडं नेईल. नाही पळाली, तर दावण आपानं झऱ्यावरून हलवायची, वर खडकाळीला. पाहुण्यांसमोर शब्द दिला, तो म्हणाला, आता विहीणबाईंनी बोलावं.

वर खडकाळीला पाण्याचा टिपूस नाही. ओमुरझाक मागं उभा होता, तो हळूच म्हणाला, "घरी चल. जाऊ दे, व्याही आहेत." चाळीस वर्षांत आपानं त्याचं बरंच ऐकलंय, पण साइडकारनंतर वाहनांच्या बाबतीत एकदाही नाही.

"दुपारच्या धारेला," ती म्हणाली.

दुपारी तिला हेल्मेट दिलं. डोक्यावर रुमाल, व्याह्यासमोर तो काढायचा नाही, म्हणून हेल्मेट रुमालावरच चढवलं. ते तिच्या डोक्यावर चुलीवर उपडी पडलेल्या कढईसारखं राहिलं. ती क्वाडच्या डाव्या बाजूनं आली, तिच्या मानेवर, म्हणजे दिव्यांच्या मधल्या जागेवर, दोनदा थोपटलं आणि टांग टाकून बसली. उजव्या मनगटाला चाबूक अडकवलेला. एका पाहुण्यानं विचारलं, चाबूक कशाला? आपानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो आपल्या बायकोमागं जाऊन उभा राहिला.

शिकवायला जिपार आली. सासऱ्यानंच पाठवली. आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं की क्वाड धुवायला ओढ्यावर नेते ती हीच. ओढ्यावर नेते म्हणजे चालवत नेते. लेकीनं तिच्या उजव्या हाताचा अंगठा धरून एका छोट्या खटक्यावर ठेवला. दाबला की पळते, सोडला की मंदावते, बाकी काही नाही, ती पुटपुटली. आपानंही ओठ न हलवता विचारलं, तुला कुणी शिकवलं? जिपार म्हणाली, नंतर सांगते. त्या "नंतर"चा राग आपानं बाकीच्या रागावर नीट रचून ठेवला.

मशीन सुरू झालं. आपाचं सगळं अंग थरथरायला लागलं, ती थरथर मशीनची की तिची, हे कळायला मार्ग नव्हता. घोडं थरथरतं तेव्हा त्याला काहीतरी म्हणायचं असतं. हे नुसतंच थरथरत होतं. भीतीनं तिनं मूठ आवळली, मुठीबरोबर अंगठाही आवळला गेला आणि क्वाड उडी मारून निघाली. आपानं दोन्ही हातांनी दांडा मागं ओढला, घोड्याला ओढतात तसा, आणि ओढताना अंगठा आणखी रुतला. तळावरचं सरपण उधळलं, वाळत टाकलेली सतरंजी हेल्मेटवर आली. जिपार मागून धावत ओरडत होती, अंगठा, आई, अंगठा!

अंगठा सुटला. क्वाड थांबली. आपानं सतरंजी बाजूला केली आणि तिच्याही नकळत क्वाडच्या बुडावर एक चाबूक ओढला.

पाहुणे पोट धरून हसत होते. शारशेन तर खाली बसला होता. आपा उतरली असती, आमची खात्री होती ती उतरणार. पण तिनं पुन्हा अंगठा ठेवला. तो अंगठा चाळीस वर्षं एकच काम करत आला आहे, दाब आणि सोड, दाब आणि सोड. डोकं रागानं आणि भीतीनं भरलं होतं, तेव्हा अंगठ्यानं कुणाला न विचारता आपलं काम सुरू केलं. दाब, सोड. क्वाड हातभर पुढं, थांबली. दाब, सोड. पुन्हा हातभर. अशी ती धार काढत निघाली. पाहुणे शेजारून चालत होते, मध्येच थांबून तिची वाट पाहत होते. शारशेन हात मागं बांधून पुढून चालत होता, वरातीपुढं चालावं तसा.

ओढ्याचा उतार आला आणि तिथं तिनं ती चूक केली जी आमच्यातल्या कुणीही केली असती. उतारावर लगाम सैल सोडायचा, अंग मागं टाकायचं, गुडघे आवळायचे. पाय कुठं ठेवायचा ते आपल्यापेक्षा घोड्याला जास्त कळतं. आपानं दोन्ही हात सोडले. क्वाडनं एक दगड पाहिला नाही, मग दुसराही नाही, आणि शेवटी पुढची दोन्ही चाकं दलदलीत घालून तिरकी उभी राहिली. आपा चिखलात पडली नाही एवढंच. हँडलला लटकून राहिली.

जिपारनं येऊन चाकं मोकळी केली. "हिला डोळे नाहीत, आई. वाट तूच बघायची."

"मग इतके दिवे कशाला लावलेत हिला?" आपा दात आवळून म्हणाली. आणि पुन्हा बसली.

ओढ्यापलीकडं सपाटी. समोर दावण. घोड्यांनी माना वर केल्या. अबलखनं कान मागं पाडले. दोराला बांधलेली शिंगरं एका बाजूला सरकली, दोर ताणला गेला, आणि शेवटच्या खुंटीपाशी अबलखचं शिंगरू मानेतल्या फाशाला हिसके देऊ लागलं. ते सगळ्यांत उशिरा जन्मलेलं, अजून पायांचा हिशेब न लागलेलं.

तेव्हा आपाच्या लक्षात आलं की पैज तिच्या अंगठ्याखाली आहे. आता नुसता दाबायचा. सोडायचाच नाही. रोज त्याचे पाहुणे जातात तशी घरघर करत दावणीवरून जायचं. अबलख उधळेल, तिच्यामागं दहाही उधळतील, आणि शारशेनचा शब्द सगळ्यांसमोर पडलेला आहे. झरा राहील. जिंकणं इतकं जवळ होतं. पण घोड्या उधळल्या की शिंगरं मागं धावणार, खुंट्या उपटणार, फास आवळणार, एकावर एक पडणार. गेल्या महिन्यात एकाची मान अशीच सोलली होती आणि रात्रभर तिनं त्यावर चरबी चोळली होती. जे तो रोज बेफिकीर करत होता ते तिला एकदाही करता येईना. त्याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. शारशेनचा राग आणि स्वतःचाही.

दाब, सोड. दाब, सोड. ती पुटपुटायला लागली, "कुर्रू, कुर्रू, कुर्रू," धारेच्या वेळी घोड्यांना बोलावते तसं. घोड्यांनी घरघर ऐकली आणि तिच्यातून ओळखीचा आवाजही ऐकला. अबलख चार पावलं मागं सरकली, थांबली. पळालं कुणीच नाही. आपा दावणीपाशी पोचली, अंगठा उचलला आणि डाव्या बाजूनं उतरली.

शारशेननं दोन्ही हात पसरले. बघा मंडळी, एक तरी हलली का? पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, विहीणबाई, उद्या दावण वर न्यायला माझी माणसं देतो, खुंट्या उपटायचे कष्ट तुम्हाला नकोत.

धारेची वेळ झाली होती. आपानं हेल्मेट काढून खुंटीवर अडकवलं, हात धुतले, बादली घेतली. ओमुरझाकनं अबलखचं शिंगरू सोडून आचळाला लावलं. शिंगरानं ढुशा दिल्या, चोखलं, पुन्हा ढुशा दिल्या. त्याला बाजूला ओढल्यावर आपा एक गुडघा टेकून बसली, दुसऱ्या गुडघ्यावर बादली, हात घोडीच्या मागच्या पायाभोवतून पुढं. बादलीच्या बुडावर चार थेंब वाजले. मग वाजलंच नाही. अबलखनं पान्हा चोरला होता. दुसरी घोडी तशीच. तिसरी तशीच. अकरा घोड्या झाल्या तरी बादलीचं बूड दिसत होतं.

आता व्याही दावणीवर आलेला. त्याला वाटी दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, आणि वाटी काठोकाठ हवी. आपानं बादली वाटीत रिकामी केली आणि दोन्ही हातांनी, वाकून, ती शारशेनपुढं धरली. वाटीच्या तळाशी रंगवलेलं निळं फूल दुधातून स्वच्छ दिसत होतं. पाहुणे माना पुढं काढून बघत होते, कारण संध्याकाळची त्यांची वाटी यातूनच भरायची होती.

शारशेननं फुलाकडं पाहिलं. पाहुण्यांकडं पाहिलं. मग दोन सोन्याचे दात दाखवत म्हणाला, "हात कापतायत तुमचे, विहीणबाई. क्वाडवर भ्यालात, अजून उतरलेलं दिसत नाही. असल्या हाताला कुठली घोडी पान्हा सोडेल? घोडीचा काय दोष, गाडीचा काय दोष."

हात कापत होतेच. वाटीतलं दूध हलत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. पण आपाच्या चेहऱ्यावरचं हसू, महिनाभर जपलेलं, ते तेवढ्यात गेलं. तिनं वाटी खाली ठेवली. बादली उचलली आणि व्याह्यापुढं धरली. अबलख त्याच्याकडं पाठ करून उभी होती, एक मागचा खूर टोकावर टेकवून.

पुढं काय झालं त्याच्याही चार बातम्या आहेत. कुणी म्हणतं शारशेन बसला आणि घोडीनं बादलीत पाय घातला, कुणी म्हणतं तिनं तिसरा दातही सोन्याचा करायची सोय केली. खोटं आहे. त्यानं बादलीला हातसुद्धा लावला नाही. चहा निवायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो त्या खुराकडं बघत उभा राहिला, मग एक पाहुणा हसला, मग दुसरा, आणि दोन वर्षांत सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेल्या जिपारनं मान वर करून पाहिलं. क्वाडची वाट दाखवायला रोवलेल्या लाल झेंड्या सूर्य मावळायच्या आत टेकडीपलीकडं गेल्या. दावण आहे तिथंच आहे, झऱ्यावर. बुरुलचा आपा रडली, पाया पडली, व्याह्याला शिव्या दिल्या, हेही सगळं ऐकायला मिळेल, ऐकू नका. बादली पुढं धरून ती बोलली ते एवढंच:

"व्याहीबुवा, भीत भीत का होईना, मी तुमच्या गाडीवर बसले. आता तुम्ही माझ्या घोडीखाली बसा."